बैल कुठे थांबतो?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते लॅपटॉपमधल्या फायलींसारखे आपोआप साचतात. माझ्याकडे 'नियम_फायनल' या नावाने सुरू झालेल्या अकरा फायली आहेत. 'नियम_फायनल_२', 'नियम_फायनल_खरंच', 'नियम_अण्णांनी_पाहिलेले', 'नियम_अण्णांनी_परत_पाहिलेले' आणि एक नुसतीच 'बास'. प्रत्येक फायलीमागे एक रविवार आहे, आणि प्रत्येक रविवारी कुणीतरी कुणावर तरी चिडलेलं आहे. बहुतेक वेळा मी!

मी हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅन्युअल लिहिते. मॅन्युअल म्हणजे काय, तर सगळं करून बघितल्यावर, सगळ्यांना फोन करून झाल्यावर, अगदीच काही जमलं नाही तर लोक जे उघडतात, ते. राहते कोथरूडला. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी बुद्धिबळ खेळायला एक कंपू जमतो. त्यात मी एकटी बाई. बाकी माणसं तुम्हाला भेटतीलच. एकदा भेटली की माझ्यासारखीच तुम्हालाही विसरता येणार नाहीत.

*

सुरुवात बाळूअण्णांनी केली. अण्णा हडपसरजवळच्या मांजरी गावचे, पूर्वी उसाची शेती. वय पासष्टच्या पुढे, पांढरा शर्ट, खिशात चष्मा, आणि चष्मा खिशात असल्यामुळे वाचायला कायम दुसरं कुणीतरी. एका रविवारी त्यांनी पिशवीतून चार लाकडी बैल काढले. स्वतः कोरलेले. दोन काळे, दोन पांढरे.

"नवा खेळ हाय," म्हणाले. "पटावरचे हत्ती काढायचे. त्या जागी बैल. बैल सरळ जातो. संपलं."

"मग हत्तीत आणि बैलात फरक काय?" मी विचारलं.

"हत्ती वाटंल तिथं थांबतो. बैल थांबत न्हाय. एकदा निघाला की अडेपर्यंत जातो."

खरं सांगते, कल्पना मला आवडली. सगळ्यांनाच आवडली. दोन तास आम्ही जागचे हललो नाही. मग सलीमभाईंनी (यांचं पेठेत वडिलांपासूनचं घड्याळांचं दुकान आहे, आमची बुद्धिबळाची घड्याळं तेच दुरुस्त करतात) टूम काढली की दिवाळीनंतर या खेळाची एक स्पर्धाच घेऊ. बाहेरचे सोळा खेळाडू बोलवू. सगळ्यांना नियमांचा छापील कागद देऊ.

"आणि नियम मॅडम लिहितील!"

"एक पान तर आहे," मी म्हटलं. "एका रविवारात होईल."

चार महिने लागले.

*

पहिल्या मसुद्यात मी अण्णांचंच वाक्य घेतलं होतं. 'बैल सरळ रेषेत, अडेपर्यंत जातो.' सुटसुटीत, स्वच्छ. मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

तो कागद अभ्यंकरांनी वाचला. अभ्यंकर कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. कोर्टातून झाले, शिरस्तेदारीतून नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला, आणि अण्णांच्या समोर खेळायला बसले. पाचव्या-सहाव्या चालीला त्यांनी आपला बैल उचलला आणि मोकळ्या रांगेतून सरळ सरकवत नेला. पट संपला. बैल टेबलावर आला. टेबल संपलं. बैल खाली पडला!

"अहो, हे काय?" मी ओरडले.

"अडेपर्यंत जातो, असं आपण लिहिलंय," अभ्यंकर शांतपणे म्हणाले. "कुठे अडलं ते मला सांगा. मला तर काही अडलेलं दिसलं नाही."

अण्णा खाली वाकून बैल शोधत होते. त्याचं एक शिंग मोडलं होतं.

*

दुसऱ्या मसुद्याच्या शेवटी मी लिहिलं, 'बाकी सर्व नियम नेहमीप्रमाणे.' जगातला सगळ्यात निरुपद्रवी शब्द, नाही का? नेहमीप्रमाणे!

सलीमभाईंचा पहिला डाव सुरू झाला आणि त्यांनी राजा घोड्यासारखा अडीच घरं उडवला.

"सलीमभाई, राजा?"

"एकदा उडी मारता येते की. शह बसायच्या आत."

"ते जुन्या देशी पद्धतीत. आता तसं नसतं."

"कागदावर नेहमीप्रमाणे लिहिलंय. मी नेहमी असाच खेळतो. अब्बांनी असंच शिकवलंय, त्यांना त्यांच्या अब्बांनी. आमची तीन पिढ्यांची नेहमी, आणि तुमची नेहमी कोणती मॅडम? मोबाईलवरची?"

अभ्यंकर म्हणाले, "मुद्दा बिनतोड आहे." अभ्यंकरांना कुणाचा मुद्दा बिनतोड वाटला की माझं काम दुप्पट होतं, हे मला एव्हाना कळायला लागलं होतं. त्या आठवड्यात मी राजापासून प्याद्यापर्यंत प्रत्येकाची चाल नव्याने लिहून काढली. एका पानाची तीन पानं झाली. सलीमभाईंनी ती मन लावून वाचली आणि म्हणाले, "फार लांबलंय. बाकी नेहमीप्रमाणे, एवढं लिहिलं असतं तर चाललं असतं."

*

आमच्यात सगळ्यात लहान म्हणजे तन्मय. वय अठ्ठावीस, आयटीत टेस्टिंग करतो. दुसऱ्यांच्या कामात चुका काढायचा पगार घेतो आणि रविवारी तेच फुकट करतो. त्याने ग्रुपवर मला बुधवारी दुपारी, भर मीटिंगमध्ये, एकोणतीस प्रश्न पाठवले. अनुक्रमांक घालून! त्यातला चौथा असा: 'बैलाच्या वाटेत आपलीच सोंगटी आली तर?'

मी रविवारी अण्णांना विचारलं. "अण्णा, आपली सोंगटी आली तर बैल अलीकडच्या घरात थांबेल ना?"

"का थांबंल?"

"आपलीच आहे ना ती."

"ताई, उधळलेला बैल आपलं-परकं बघतो व्हय?"

म्हणजे बैल स्वतःच्याही सोंगट्या तुडवणार आणि त्या घरात जाऊन उभा राहणार. तुडवणार हा शब्दही अण्णांचाच. मी तो लिहून घेतला. तन्मयचे डोळे चमकले.

"सुपर! मग स्वतःचा राजा आला तर?"

अण्णांनी पटावरचा राजा उचलून हातात घेतला.

"राजाला न्हाय तुडवायचा. धन्याला बैल वळखतो."

"पण अण्णा, आत्ता म्हणालात आपलं-परकं बघत नाही!"

"परक्यात आणि धन्यात फरक हाय का न्हाय?"

"आहे, पण वजीर तर परका नाही ना!"

"वजीर कधी वैरण घालतो व्हय त्याला?"

मी पेन खाली ठेवलं. तन्मय टाईप करत होता, 'राजा वैरण घालतो, कन्फर्म्ड.'

*

छपाईचा किस्सा तर मी ऑफिसातल्या नव्या मुलींना ट्रेनिंगमध्ये सांगते.

सातवा मसुदा सगळ्यांना मान्य झाला. अभ्यंकरांनासुद्धा! मी तो कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्या काकांकडे दिला. संध्याकाळी प्रूफ आलं. वाचायला लागले आणि मला काही कळेचना. मी लिहिलेले नियम, आणि मलाच कळेनात. त्यात एक वाक्य होतं:

'तो त्याच्या वाटेत आल्यास त्याने त्याला तुडवून त्याच्या जागी थांबावे, मात्र तो त्याचा असल्यास त्याने त्याच्या अलीकडे थांबावे.'

मी तशीच दुकानात गेले. "काका, हे काय केलंत?"

"बैल हा शब्द चौदा वेळा आला होता," काका म्हणाले. "आणि राजा नऊ वेळा. छापल्यावर बरं दिसत नाही ते. मी मधूनमधून 'तो' केलं. वेगळे पैसे नाही घेतले हं त्याचे."

"अहो, पण आता कोण कुणाला तुडवतंय?"

काकांनी प्रूफ हातात घेतलं, ओठ हलवत वाचलं, परत वाचलं.

"ते खेळणाऱ्याला समजेल," म्हणाले.

*

हसून सांगतेय, पण एकदा माझं खरंच डोकं फिरलं होतं. तो रविवार मला अजून टोचतो.

आठव्या मसुद्याची गोष्ट. स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली. सोळाच्या सोळा नावं आलेली. आणि अण्णा म्हणाले, "ताई, मला वाटतंय बैलानं एका चालीत एकदा वळावं."

मी म्हटलं, "अण्णा, आता नाही."

"एकदाच. कोपऱ्यावर."

"अण्णा, चार महिने मी हे लिहितेय. दर रविवारी तुम्ही वेगळं सांगता. तुमचा खेळ कागदावर येण्यासारखाच नाहीये. तो तुमच्या डोक्यातच राहू दे!"

आवाज चढला होता माझा. सलीमभाईंनी हातातलं घड्याळ उगीचच कानाला लावलं. अण्णांनी चारही बैल एकेक करून पिशवीत घातले, पिशवीचे बंद बांधले, आणि "येतो" म्हणून गेले.

पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन लागायचा, पण उचलला जायचा नाही. तन्मय म्हणाला, स्पर्धा कॅन्सल करू. अभ्यंकर म्हणाले, "खेळाचा मालक गैरहजर, तेव्हा प्रश्नच मिटला." सलीमभाई मात्र म्हणाले, "मॅडम, मांजरीला बस जाते."

मी गेले. दोन बस बदलून.

अण्णा राहतात ती सात मजली इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे, हे मला तिथे गेल्यावर कळलं. जमीन दिली, त्या बदल्यात वर दोन फ्लॅट. अण्णा खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले होते. मला बघून उठले, दुसरी खुर्ची आणली. माफी मागायची म्हणून मी वाक्य तयार करून आणलं होतं. ते त्यांनी बोलूच दिलं नाही.

"हितं गोठा होता," ते म्हणाले. त्यांनी बोट दाखवलं तिथे कुणाची तरी पांढरी गाडी उभी होती. "सर्जा नाव होतं बैलाचं. एकदा नांगराचं तास धरलं की मधी थांबायचा न्हाय. हाका मारा, वढा, काय बी करा. बांध आला की आपसूक थांबायचा. वळवायला मी लागायचो."

"म्हणजे तो स्वतः वळायचा नाही?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच हसले.

"न्हाय. सोता न्हाय वळायचा." थोडं थांबून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई. सरळच ऱ्हाऊ द्या त्याला."

पर्समधला कागद काढून मी तिथेच, गुडघ्यावर ठेवून, पहिला नियम नव्याने लिहिला. 'बैल सरळ जातो. मध्ये थांबत नाही आणि वळत नाही. पटाची कड हा त्याचा बांध. तिथे तो थांबतो.' अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, कागद हातात घेतला आणि स्वतः वाचला. मी त्यांना चष्मा लावलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

*

त्यानंतर आम्ही एक टेस्ट घेतली. तन्मयच्या ऑफिसातले दोन इंजिनियर बोलावले. अट अशी की त्यांना फक्त कागद द्यायचा, तोंडाने एक अक्षर सांगायचं नाही. सलीमभाईंना आम्ही हॉलच्या बाहेर उभं केलं, कारण त्यांना गप्प बसता येत नाही.

दोघांनी कागद हातात घेतला. उलटा केला. पाठीमागे काही नाही बघून परत सुलटा केला. मग एकजण अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅम, याचा व्हिडिओ नाहीये का?"

दाराबाहेरून आवाज आला, "मी सांगू का?"

*

स्पर्धा झाली. व्यवस्थित झाली. सोळा खेळाडू, अण्णांनी कोरलेले आणखी बैल, प्रत्येकाच्या हातात एक पान. तीन पानांचं शेवटी एकच पान! खेळाडूंनी त्या पानाचं काय केलं म्हणाल, तर तिघांनी चहाच्या कपाखाली ठेवलं, दोघांनी त्याच्यावर गुण लिहिले, एकाने हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी करून घातलं. शंका आली की सगळे उठून अण्णांकडे जायचे, आणि अण्णा हात हलवत, "असा येतो, असा तुडवतो," म्हणून दाखवायचे. मी पंच होते. दिवसभरात मला एकाच माणसाने प्रश्न विचारला, तोही पार्किंगबद्दल.

बक्षिसं वाटून झाली. लोक पांगले. आम्ही खुर्च्या आवरत होतो, तेव्हा माझं लक्ष गेलं. हॉलच्या कोपऱ्यात एक बाई सकाळपासून बसल्या होत्या. डोक्यावरून पदर, पायाशी डब्याची पिशवी. अण्णांच्या मंडळी, सुमनकाकू. जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या आणि स्पर्धा संपेपर्यंत थांबल्या होत्या. त्यांच्या मांडीवर माझा कागद होता. बोट एका ओळीवर ठेवलेलं, ओठ हलत होते.

"काकू, खेळता का?" मी विचारलं.

"हिला कुठलं येतंय," अण्णा परस्पर म्हणाले. "चाळीस वर्सं झाली, माझ्यासमोर पट मांडलेला असतो, हिनं हात लावला न्हाय."

काकूंनी कागदाची घडी केली, ती हातात धरली, आणि पटासमोर येऊन बसल्या.

"मांडा," म्हणाल्या.

अण्णा हसत हसत बसले. आम्ही भोवती उभे राहिलो. काकू फार हळू खेळत होत्या. प्रत्येक चालीआधी घडी उघडायच्या, वाचायच्या, घडी मिटायच्या, मग सोंगटी हलवायच्या. अण्णा भराभर खेळत होते. काकूंची प्यादी मारत होते, मधेच आम्हाला समजावत होते, "हितं बैल काढायला पायजे हुता तिनं." त्यांचा वजीर काकूंच्या घरात शिरून धुमाकूळ घालत होता. त्यांचा स्वतःचा राजा शेवटून दुसऱ्या रांगेत, पुढ्यात तीन प्यादी आणि मागे तीन सोंगट्या घेऊन, निवांत.

काकूंनी एक घोडा नेऊन त्याच रांगेत, राजापासून दोन घरांवर बसवला. शह नाही, काही नाही. नुसताच बसवला.

"हा कशाला आणलास हितं?" अण्णा म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक प्यादं मारलं.

काकूंनी घडी उघडली. वाचली. मिटली. मग आपल्या बाजूने बैल उचलला आणि मोकळ्या उभ्या रांगेतून सरळ पुढे नेला. थांबल्याच नाहीत. स्वतःच्याच घोड्यावर घातला, घोडा उचलून बाजूला ठेवला, आणि त्या घरात बैल उभा केला.

"अगं! सोताचा घोडा मारलास!"

अभ्यंकर पुढे वाकले. तन्मयने मोबाईल खिशात ठेवला. बैल आता अण्णांच्या राजाच्याच रांगेत होता, राजाकडे तोंड करून, आणि मध्ये कुणी नव्हतं. वाटेत घोडा नसता तर बैल थेट कडेला जाऊन थांबला असता. राजाच्या पुढ्यात त्याचीच तीन प्यादी, मागे त्याच्याच तीन सोंगट्या. राजाला हलायला एक घर नव्हतं, आणि वजीर पार पलीकडे प्यादी खात बसलेला.

"शह," सलीमभाई हळूच म्हणाले.

"शह न्हाय," अभ्यंकरांनी दुरुस्ती केली. त्यांच्या तोंडून चक्क 'न्हाय' गेलं. "मात आहे."

अण्णांनी आपला राजा पटावर आडवा केला. मग त्यांनी मान वर केली.

"सुमन, माझा खेळ तू कधी शिकलीस गं?"

"तुमचा खेळ मला येत न्हाय," काकू डबा आवरत म्हणाल्या. "मी कागदावरला खेळले."